गावातला बार, रात्री दीडची वेळ आणि सोसायटीची झोप

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमचं गाव २०२१ साली पुणे महापालिकेत गेलं. गावठाणाच्या कडेला तुमच्या भावकीतल्याच एकाचं गार्डन रेस्टॉरंट आणि परमिट रूम आहे. शेतं विकली जाऊन भोवती टॉवर उभे राहिले, त्याच्याही आधीपासूनचं. पूर्वी ते अकराच्या सुमारास बंद व्हायचं. आता मालक दीडपर्यंत चालवतो आणि म्हणतो, लायसनप्रमाणेच चालवतो. सोसायटीतल्या लोकांनी सह्या गोळा केल्यात. मागणी एकच, की बार अकराला बंद करा. तुम्ही गावचेही आणि त्याच सोसायटीचे सेक्रेटरीही, त्यामुळे दोन्हीकडचे लोक तुमच्या तोंडाकडे बघतायत. येत्या बैठकीत काय मांडावं, असं तुम्ही विचारलंय.

मी वकील म्हणून लायसनची आणि अशा तक्रारींची कामं करतो, कधी बारमालकांकडून, कधी रहिवाशांकडून. माझं मत आधीच सांगतो. बंद करायच्या वेळेवर भांडू नका. दारू द्यायची वेळ आणि आवाज करायची वेळ या कायद्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या गावातला वाद त्या एक समजल्यामुळे अडकलाय. मालकाला वाटतं, दीडपर्यंतचं लायसन म्हणजे दीडपर्यंतचं गाणंही आलंच. रहिवाशांना वाटतं, शांतता हवी तर बारच लवकर बंद व्हायला हवा. दोघांचंही तेवढं चुकतंय.

दारू किती वाजेपर्यंत द्यायची हे महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ आणि त्याखालचे नियम, लायसनच्या अटी आणि पोलीस आयुक्तांचे आदेश यांवर ठरतं. परमिट रूमचं लायसन एफएल-३ प्रकारचं असतं आणि पुण्यात आयुक्तालयाच्या हद्दीत ही वेळ रात्री दीडपर्यंत आहे. मालक एवढं म्हणत असेल तर तो खोटं बोलत नाही. आवाजाचा हिशेब मात्र केंद्र सरकारच्या ध्वनी प्रदूषण (नियमन आणि नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे चालतो. त्यात रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. या वेळात उघड्यावर लाउडस्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर, वाद्यं, काहीही वाजवता येत नाही. सूट आहे ती बंदिस्त जागेत, आतल्यापुरत्या आवाजाला. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये हे दहाचं बंधन ठामपणे उचलून धरलं. राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस, सांस्कृतिक किंवा धार्मिक सणांसाठी, ते बारापर्यंत शिथिल करता येतं. आपल्याकडे त्यातले बहुतेक दिवस गणेशोत्सव, नवरात्र आणि जयंत्यांमध्येच जातात. एखाद्या गिऱ्हाइकाच्या वाढदिवसासाठी ते दिवस नाहीत.

म्हणजे रात्री सव्वादहाला गार्डनमध्ये स्पीकर चालू असेल तर तो बेकायदा आहे, मग लायसन दीडचं असो की पहाटेचं. नाताळ आणि ३१ डिसेंबरला सरकार पहाटे पाचपर्यंत वेळ वाढवून देतं, तेव्हासुद्धा ती वाढ दारू देण्यापुरती असते. उघड्यावरच्या स्पीकरला त्यामुळे आपोआप परवानगी मिळत नाही. मालकाने तुम्हाला १ ऑक्टोबर २०२५ चा चोवीस तास दुकानं उघडी ठेवण्याबाबतचा शासन निर्णय दाखवला, तर तोही नीट वाचायला सांगा. मद्य देणाऱ्या आस्थापना त्यातून वगळलेल्या आहेत.

आता मालकाच्या बाजूने बघू, कारण त्याचं गणित समजल्याशिवाय तडजोड होत नाही. परमिट रूमचा खरा गल्ला दहानंतर भरतो. लोक कामावरून घरी जाऊन, आवरून साडेनऊला येतात. पहिली फेरी दहापर्यंत, दुसरी अकरापर्यंत, जेवण त्यानंतर. अकराला शटर ओढायला लावलं तर निम्मा धंदा जातो आणि वेटर, आचारी, वॉचमन यांचे पगार तेवढेच राहतात. लायसनची फी दर वर्षी मार्चअखेर एकरकमी भरावी लागते, ती वेगळीच. त्यामुळे वेळेवर तो जिवावर उदार होऊन भांडणार. बाहेरच्या गाण्याचं तसं नाही. गार्डनमधला स्पीकर दहाला बंद झाला म्हणून टेबलावरचं गिऱ्हाईक उठून जात नाही. मी ज्या मालकांबरोबर बसलो, त्यांच्यातल्या बहुतेकांनी हे दोन-तीन आठवड्यांत स्वतःच मान्य केलं. त्याच्या दृष्टीने जे स्वस्त आहे तेच तुमच्या दृष्टीने सर्वांत मौल्यवान आहे. तडजोड करायला याहून चांगली जागा नाही.

पण आधी आवाज नक्की कसला आहे ते शोधा. सह्यांच्या कागदावर ‘प्रचंड आवाज’ लिहिलेलं असतं, त्याने कुणालाच काही करता येत नाही. सोसायटीतल्या आठ-दहा घरांना, वेगवेगळ्या मजल्यांवरच्या आणि वेगवेगळ्या दिशांच्या, दोन आठवडे साधी वही ठेवायला सांगा. तारीख, वेळ, कसला आवाज, किती वेळ. बहुतेक वेळा चित्र अनपेक्षित निघतं. गाण्याच्या तक्रारी साडेअकरापर्यंत दाट असतात आणि मग कमी होतात. साडेबारा ते दोनमध्ये ज्याने लोक खरे जागे होतात, तो आवाज रस्त्यावरचा असतो. पार्किंगमध्ये मोठ्याने चाललेल्या गप्पा, बुलेटचा सायलेन्सर, गाडीच्या दारांची आदळआपट, निरोप घेताना वाजवलेला हॉर्न. आणि मग सगळं शांत झाल्यावर, दोनच्या पुढे, वेटर रिकाम्या बाटल्या क्रेटमध्ये किंवा ड्रममध्ये ओततो तो खळखळाट. हा शेवटचा आवाज मालकाला ठाऊकही नसतो, कारण तो तेव्हा घरी गेलेला असतो. किचनचा एक्झॉस्ट आणि जनरेटर यांचं तोंड कोणत्या इमारतीकडे आहे तेही बघून घ्या. डिझेल जनरेटरला आवाजबंद पेटी लागते. १००० केव्हीएपर्यंतच्या संचांसाठी पेटीपासून एक मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा आहे. जुना, उघडा जनरेटर असेल तर सुरुवात तिथून करा, कारण त्यावर कुणाचाच वाद होत नाही.

मोजमापाबद्दल जरा सविस्तर लिहितो. बैठका फिसकटतात त्या इथे.

निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, व्यापारी भागात ५५, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ४०. खासगी जागेतल्या साउंड सिस्टिमचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त असता कामा नये. म्हणजे निवासी भागात, बारच्या कुंपणाशी, रात्री ५०. आता हे बघा. उघड्यावर, मध्ये काही आड नसेल, तर अंतर दुप्पट झालं की एका स्पीकरचा आवाज साधारण ६ डेसिबलने घटतो. पाच मीटरवर ९० असेल तर दहा मीटरवर ८४, वीसवर ७८, चाळीसवर ७२ आणि ऐंशी मीटरवर ६६. तुमचा टॉवर ऐंशी मीटरवर असेल तर खिडकीत ६६ येतोय, आणि बारचं कुंपण त्याच्याही अलीकडे आहे. थोडा आवाज कमी करून हे ५० वर येत नाही. गार्डनमधल्या स्पीकरचा प्रश्न आवाज ‘बारीक’ करून सुटत नाही, दहाला बंद करूनच सुटतो, तो याच गणितामुळे. मालकाला हे कागदावर मांडून दाखवा. बहुतेकांना हे आकडे कुणी कधी सांगितलेलेच नसतात.

कुंपणाची भिंत उंच करण्याचा प्रस्ताव हमखास येतो. भिंत आवाज अडवते ती स्पीकर आणि कान यांच्या मधली सरळ रेषा तोडली तरच. दुसऱ्या मजल्याला फायदा होईल. सातव्या मजल्यावरच्या बाईंना स्पीकर थेट दिसतो, त्यांना त्या भिंतीचा काही उपयोग नाही. मी पाहिलेल्या एका प्रकरणात मालकाने भिंतीवर बराच खर्च केला, खालचे मजले शांत झाले, वरच्यांच्या तक्रारी तशाच राहिल्या, आणि मालकाची पक्की समजूत झाली की या लोकांना तक्रारच करायची आहे. खर्च होण्याआधी कुणीतरी वरच्या मजल्यावर जाऊन उभं राहायला हवं होतं.

आता बंदिस्त हॉलचं. कायदा बंदिस्त जागेला सूट देतो म्हटल्यावर मालक गार्डनवर पत्रा टाकतात, बाजूंना प्लास्टिकचे पडदे सोडतात आणि म्हणतात, झालं बंदिस्त. पत्र्यातून आणि पडद्यातून आवाज जवळजवळ तसाच बाहेर येतो, त्यात ठेक्याचा तर पूर्णच. विटांच्या भिंती, स्लॅब, घट्ट बसणाऱ्या काचा, आणि मुख्य म्हणजे लागोपाठ दोन दारं, मध्ये छोटी मोकळी जागा, म्हणजे एक उघडताना दुसरं बंद राहतं. एवढं असेल तर दहानंतर आत संगीत ठेवायला माझा विरोध नसतो. एकच दार असेल तर वेटर ट्रे घेऊन ये-जा करतो तेव्हा दर मिनिटाला गाणं रस्त्यावर येतं.

ठेक्याची वेगळी अडचण आहे आणि ती रहिवाशांनीही समजून घ्यायला हवी, कारण पोलिसांचं मीटर ‘सगळं ठीक’ दाखवतं तेव्हा त्यांना आपली फसवणूक झाल्यासारखी वाटते. डेसिबल मोजताना मीटर माणसाच्या कानाला धरून भारांकन करतं आणि त्यात खालच्या सुरांना फार कमी महत्त्व मिळतं. ६३ हर्ट्झच्या आवाजातून सुमारे २६ डेसिबल वजा होतात, १२५ हर्ट्झच्या आवाजातून सुमारे १६. वूफरचा धप्-धप् नेमका याच पट्ट्यात असतो, आणि भिंतीतून आणि बंद खिडकीतून आरपार जाणाराही तोच असतो. म्हणून मीटरवर ४८ येऊ शकतात आणि तरीही झोपलेल्या माणसाच्या उशीत ठेका जाणवतो. रहिवासी खोटं सांगत नसतात आणि मीटरही खोटं सांगत नसतं. यावर माझा उपाय असा की लेखी समजुतीत आकड्याबरोबर आणखी एक कसोटी घालायची: दहानंतर, सर्वांत जवळच्या घरात, खिडकी लावल्यावर कोणतं गाणं चाललंय हे ओळखू येता कामा नये आणि ठेका जाणवता कामा नये. तांत्रिकदृष्ट्या यासाठी वूफर जमिनीवरून उचलून रबरी पॅडवर ठेवणं, खालचे सूर छाटणारा फिल्टर लावणं आणि साउंड लिमिटर, म्हणजे ठरवलेल्या पातळीच्या वर आवाज जाऊ न देणारं यंत्र, बसवणं एवढं पुरतं. लिमिटरचा पासवर्ड मालकाकडे राहिला पाहिजे, डीजेकडे नाही. आणि तो सेट करताना एक माणूस हॉलमध्ये, एक सोसायटीतल्या घरात, फोन चालू. घरातला माणूस ‘आता ठीक’ म्हणाला की तिथे कुलूप. एका संध्याकाळचं काम आहे. मला विचाराल तर या सगळ्या प्रक्रियेत संबंध सर्वांत जास्त सुधारतात ते याच संध्याकाळी, कारण बारचा मॅनेजर पहिल्यांदाच त्या घरात जातो आणि त्याला तिथे झोपलेलं लहान मूल किंवा आजारी आजोबा दिसतात.

मोजायचं कधी, हेही महत्त्वाचं. पावसाळ्यात गार्डन रिकामं असतं आणि पावसाचाच आवाज असतो, तेव्हाच्या मोजमापाला अर्थ नाही. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची त्यापेक्षा उबदार असते. अशा वेळी वर जाणारा आवाज वाकून परत खाली येतो आणि एरवी ऐकू न येणारं गाणं पलीकडच्या वस्तीपर्यंत पोचतं. चाचणी थंडीतल्या शनिवारी घ्या. तेव्हा जमलं तर वर्षभर जमेल. आणि दोन आकडे घ्या: बार चालू असताना आणि बंद असताना, त्याच जागी. तुमच्या गावाशेजारून हमरस्ता जात असेल तर रात्री एक वाजताही ट्रकमुळे ४५ च्या वर आवाज असू शकतो, आणि ते पाप बारच्या माथी मारणं बरोबर नाही. मोबाइलमधलं डेसिबल अ‍ॅप वहीपुरतं ठीक आहे. पुरावा म्हणून प्रमाणित मीटर लागतं. उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ च्या निकालात पोलिसांना ध्वनिमापक यंत्रं देण्याबद्दल आदेश दिले होते, तेव्हा पोलीस ठाण्याकडे मीटर मागणं हा तुमचा हट्ट नाही.

‘बार आधीपासून होता, तुम्ही नंतर आलात’ हा मुद्दा तुमच्या बैठकीत नक्की निघेल आणि भावकीचे लोक त्यावर टाळ्या देतील. कायद्यात हा बचाव टिकत नाही. उपद्रव आधीपासून आहे म्हणून तो चालू ठेवायचा हक्क मिळत नाही. पण माणूस म्हणून त्या मुद्द्यात तथ्य आहे असं मला वाटतं. ज्याने माळरानावर धंदा उभा केला, त्याच्या शेजारी बिल्डरने बेडरूमच्या खिडक्या थेट गार्डनकडे ठेवल्या आणि फ्लॅट विकताना गार्डन दिवसाच दाखवलं. त्या मालकाला गुन्हेगारासारखं वागवलं तर तो तुमच्याशी बोलणार नाही. बैठकीत हे तुम्ही स्वतः, सोसायटीच्या बाजूने, मोकळेपणाने बोलून टाका. तुम्ही दोन्हीकडचे आहात, हे तुमच्याच तोंडून शोभेल.

दुसरी गोष्ट सोसायटीला आधी स्पष्ट करून घ्यायला सांगा: तुम्हाला आवाज नको आहे की बारच नको आहे? दोन्ही इच्छा प्रामाणिक असू शकतात, पण त्यांचे रस्ते वेगळे आहेत. बारच नको असेल तर महाराष्ट्रात त्याला आडव्या बाटलीचा मार्ग आहे. २५ टक्के महिला किंवा मतदारांनी लेखी मागणी करायची, सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान, उभी बाटली की आडवी. गावात निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडली की दुकान बंद. कितीतरी गावांतल्या बायकांनी हे लढून मिळवलं आहे आणि मला त्या लढ्यांबद्दल आदर आहे. वॉर्डासाठीही तशी तरतूद आहे. तुमची ग्रामपंचायत आता उरली नाही, त्यामुळे ग्रामसभेचा ठराव हा रस्ता तुमच्यासाठी बंद झालाय, वॉर्डाचा उघडा आहे. पण आवाजाच्या तक्रारीआडून बार बंद पाडायचा प्रयत्न असेल तर मालकाला तो पहिल्याच बैठकीत समजतो आणि मग तो आवाजावरही एक पाऊल मागे येत नाही. काही रहिवासी तुम्हाला असंही सांगतील की आता सोसायटीच्या ना-हरकत पत्राशिवाय दारूचं दुकान चालतच नाही. मार्च २०२५ मध्ये विधानसभेत जी घोषणा झाली, ती सोसायटीच्या आवारातल्या गाळ्यांमध्ये नव्याने येणाऱ्या दुकानांबद्दल होती. तुमच्या शेजारच्या जुन्या परमिट रूमला ती लागू नाही.

आता समजूत लेखी करायची ती कशी. वेळ दीडचीच राहू द्या, पण शेवटची ऑर्डर एकला, आणि एकनंतर हॉलमधले दिवे मोठे आणि संगीत बंद. लोकांना बाहेर पडायला अर्धा तास मिळाला की सगळे एकदम रस्त्यावर येत नाहीत. गार्डनमधली टेबलं साडेअकराला आत हलवायची, कारण स्पीकर बंद असला तरी वीस लोकांच्या हसण्याचा आवाज उघड्यावर चांगलाच जातो. साडेअकरा हा माझा आकडा आहे, तुम्ही आपापसात ठरवा. पार्किंगमध्ये बाराच्या पुढे एक माणूस हवा. बाउन्सर नको, गावातलाच थोडा वयस्क, ज्याचं लोक ऐकतील असा. रिक्षा आणि कॅबला थांबायची जागा सोसायटीच्या गेटपासून लांब. बाटल्या रात्री ओतायच्या नाहीत, सकाळी नऊनंतर. आणि एक मोबाइल नंबर, जो रात्री मॅनेजर स्वतः उचलेल. रहिवाशांनी आधी त्या नंबरवर सांगायचं, पंधरा मिनिटांत फरक पडला नाही तरच पोलिसांना. हा नंबर चालू राहिला तर बाकीच्या अटी आपोआप पाळल्या जातात, असा माझा अनुभव आहे. तो उचलला जाणं बंद झालं की महिनाभरात समजूत मोडते.

पहिली समजूत तीन महिन्यांची करा. आठवड्याचे पाच दिवस बारा, शुक्रवार-शनिवार दीड, असंही काही ठिकाणी जमलंय. मालक लगेच तयार होत नाहीत, पण सोमवार-मंगळवारी बारानंतर कितीसं गिऱ्हाईक असतं हे त्यालाच वहीत बघायला सांगा. दर महिन्याला सोसायटीचे दोघे, मालक आणि मॅनेजर असे अर्धा तास बसा. मोठी सभा नको. सभेत प्रत्येक जण आपल्या माणसांसमोर बोलतो आणि कुणाला माघार घेता येत नाही.

एक गोष्ट सौद्यात कधीही घालू नका. ‘महिन्यातून एकदा उघड्यावर डीजे चालेल, आम्ही तक्रार करणार नाही’ असं सोसायटी लिहून देऊ शकत नाही. दहाचं बंधन हे तुमचं नाही, कायद्याचं आहे. सोसायटीच्या पलीकडे, ओढ्याकडेच्या चाळीत राहणाऱ्या, पहाटे पाचला कामावर निघणाऱ्या माणसाच्या वतीने सही करायचा अधिकार कमिटीला नाही. समजुतींमध्ये या लोकांचा विचार सर्वांत शेवटी होतो, किंवा होतच नाही. त्यांच्यातला एक जण बैठकीला बोलवा.

आणि मालकाने ऐकलंच नाही तर? तेव्हा कुठे जायचं हे माहीत असलं की बोलणीही नीट होतात. पहिलं, तुमचं पोलीस ठाणं कोणतं ते नक्की करा. पुण्याच्या कडेच्या गावांत यात फार गोंधळ आहे. बावधन-सूसच्या भागात महापालिका पुण्याची आणि पोलीस आयुक्तालय पिंपरी-चिंचवडचं, काही गावं आणखी पुढे पुणे ग्रामीणमध्ये. आवाज चालू असताना ११२ वर फोन करा, दर वेळी, आणि नोंद ठेवा. नुसत्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलेली तक्रार कुठेच पोचत नाही. नाव बाहेर येईल म्हणून लोक फोन करत नाहीत. ही भीती खरी आहे, विशेषतः मालक गावातला वजनदार असेल तर. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याच विषयावर पोलिसांना सांगितलं की तक्रारदाराची ओळख पटवून घेण्याचा आग्रह न धरता कारवाई करावी. निकालाची ती ओळ छापून सोसायटीच्या फलकावर लावा.

फोननंतर लेखी अर्ज, वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावाने, वहीतल्या तारखांसह. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३८ खाली त्रासदायक संगीत आणि आवाज थांबवण्याचा आदेश काढता येतो. सततच्या उपद्रवासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. पर्यावरण कायद्यातली शिक्षाही मालकाला माहीत असू द्या. एप्रिल २०२४ पासून तिथे तुरुंगवासाऐवजी दहा हजार ते पंधरा लाख रुपये दंड आहे.

पण प्रत्यक्षात मालक ज्याला सर्वांत जास्त घाबरतो तो उत्पादन शुल्क विभाग. लायसन एका मंजूर नकाशाशी बांधलेलं असतं. दारू कुठल्या भागात द्यायची ते त्यात आखलेलं असतं. गार्डन, गच्ची किंवा पत्र्याची नवी शेड त्या नकाशात नसेल आणि तिथे टेबलं लागत असतील, तर तो लायसनच्या अटींचा भंग आहे आणि कलम ५४ खाली लायसन निलंबित किंवा रद्द होऊ शकतं. नकाशाची प्रत माहितीच्या अधिकारात मागता येते, अर्जाला दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. हा अर्ज आजच टाका, पण त्याची धमकी म्हणून वाच्यता करू नका. नकाशा हातात आला आणि गार्डन त्यात निघालं तर मालकाची बाजू भक्कम आहे हे तुम्हाला समजेल आणि सोसायटीचा सूर खाली येईल. गार्डन नसेल तर मालकाला एकट्याला गाठून, भावकीतला माणूस म्हणून, तो कागद दाखवा. त्याला आपणहून टेबलं आत घ्यायची संधी मिळू द्या.

लगेच करायचं एवढंच. या शनिवारी रात्री साडेबारा ते दोन स्वतः जागे राहा, आधी सातव्या मजल्यावरच्या घरात, मग चाळीत आणि शेवटी बारच्या पार्किंगमध्ये उभे राहून काय ऐकू येतं ते लिहून काढा, आणि जमलं तर मालकालाही बरोबर घ्या. वही, मोजणी आणि नकाशा यायला महिना लागेल. तोपर्यंत बैठक पुढे ढकला आणि सह्यांचा कागद कुठेही देऊ नका.